दोनशे बारा बरण्या

माझी धाकटी बहीण आमच्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागाची प्रमुख आहे आणि मी त्याच विभागाच्या खिडकीत बसून बरण्या घेते. हे एकदा सांगून टाकलं की पुढचं सोपं जातं. नवीन माणूस आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "सख्ख्या का?" सख्ख्या. एकाच आईच्या, आठ वर्षांच्या अंतराने. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि ती अकरा. घरात कुणीतरी एकीने कॉलेज सोडायला हवं होतं, आणि अकरा वर्षांची मुलगी कॉलेजात जात नसते.

बरण्यांचं सांगते. ऑपरेशनमध्ये शरीरातून जे कापून काढतात ते फॉर्मलीनमध्ये बुडवून बरणीत घालतात, आणि ती बरणी पेशंटच्याच माणसाच्या हातात देतात, की जा, लॅबला नेऊन द्या. तो बिचारा बायकोची गाठ नाहीतर चुलत्याचं पित्ताशय दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून पावलं मोजत, लांबलचक कॉरिडॉर चालत माझ्या खिडकीशी येतो. मी बरणी घेते, रजिस्टरमध्ये पुढचा नंबर घालते, नाव, वय, गाव, कुठून काय काढलं ते लिहिते आणि तोच नंबर बरणीवर चिकटवते. पुढे त्या तुकड्याच्या पातळ चकत्या काचेवर चढतात आणि डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघून ठरवतात, साधी गाठ की वाईट. मग रिपोर्ट न्यायला माणसं पुन्हा माझ्याच खिडकीशी येतात. सव्वीस वर्षं मी हेच करते आहे. माणसांचे चेहरे माझ्या डोक्यातून जात नाहीत, याला मी तरी काय करू?

आमच्याकडे नियम असा की एका बरणीला एक नंबर. तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा आला तर त्याला नवा नंबर. जुन्याशी त्याचा काही संबंध लिहायचा नाही, तसा रकानाच नाही. मला हे पहिल्यापासून खुपायचं. आमचे बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे, चूक दिसली की त्यांना जेवण जायचं नाही, आणि तो रोग मला लागलेला. म्हणून मी दुसऱ्या वर्षापासून एक करायला लागले. परत आलेला माणूस ओळखला की समासात पेन्सिलीने, अगदी बारीक, त्याचा आधीचा नंबर लिहून ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी कधी विचारलंही नाही.

एक बस कंडक्टर आहे. पहिल्यांदा आला तेव्हा ऐन तिशीत, कानाखाली लिंबाएवढी गाठ. लाळग्रंथीची, साधी निघाली. पण या साध्या गाठींचीही खोड वाईट. काढताना वरचं आवरण जरा फाटलं की काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा येतात, आणि तेव्हा एकीच्या जागी पाच-सहा बारक्या. तो दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदाही आला. तिसऱ्या खेपेला चेहऱ्याची नस दुखावली आणि तोंड एका बाजूला गेलं. रिपोर्ट न्यायला आला तेव्हा अर्ध्या तोंडाने हसला आणि म्हणाला, "बाई, परत मीच." शाईने लिहिलेल्या रजिस्टरात तो तीन माणसं आहे. माझ्या पेन्सिलीत एकच आहे.

असो. छोटी, म्हणजे माझी बहीण, चार वर्षांपूर्वी इथे प्रमुख म्हणून आली. चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी घरात ती छोटीच. ती आली त्या दिवशी सगळा विभाग दारात उभा होता, मीही होते, हातात पुष्पगुच्छ देऊन मलाच पुढे ढकललं होतं. मी तो तिला दिला आणि घरी येऊन बाबांना सांगितलं की डोकं दुखतंय. डोकं दुखत नव्हतं. पोटात दुखत होतं, आणि कशाने ते मला चांगलं ठाऊक होतं.

तिचा काही दोष होता का? नव्हता. हाच तर त्रास होता. ती उर्मट असती, मला सगळ्यांसमोर तोडून बोलली असती, तर मी कशी सुखाने तिच्या नावाने बोटं मोडली असती! पण ती येता-जाता खिडकीत डोकावून "ताई, चहा घेतलास का?" विचारायची. तिचा तो चहा मला कडू लागायचा. बाबा तर काय, रोज संध्याकाळी खाली बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची डॉक्टर मुलगी..." आणि पुढे तिचं सगळं. मग कुणीतरी विचारायचं, "आणि मोठी?" "मोठी असते घरी माझ्याजवळ. तीही तिथेच आहे, लॅबमध्ये." तीही. त्या "ही"वर मी कितीतरी संध्याकाळी दात खात घालवल्या.

एका रविवारी छोटी आमच्याकडे जेवायला आली होती. सूप वाढून घेता घेता म्हणाली, "बाबा, एक गंमत सांगते. लाळग्रंथींच्या गाठी आपल्या भागात दर लाख माणसांत किती होतात, हे आजवर कुणी मोजलेलंच नाही. शेजारच्या भागात मोजलंय, वर्षाला लाखात एक पूर्णांक नऊ. आपलं काहीच नाही. मी दहा वर्षांच्या नोंदी काढणार आहे."

"वा!" बाबा म्हणाले. "म्हणजे पहिली तूच."

मी पाव मोडत होते. तो पाव मी इतका बारीक मोडला की त्याचा भुगा झाला. दहा वर्षांच्या नोंदी! त्या नोंदी काय झाडाला लागल्या होत्या? पण तोंडाने म्हणाले, "रजिस्टरं माझ्याच कपाटात आहेत. हवी तेव्हा ने."

तिने एक टायपिस्ट मुलगी बसवली. पेशंटची नावं कॉम्प्युटरमध्ये घालायची नाहीत, असं हॉस्पिटलच्या समितीने बजावलं होतं. कुणाला कसली गाठ झाली हे बाहेर फुटू नये म्हणून. तेव्हा फक्त नंबर, वय, बाई की पुरुष, गाव आणि निदान. मुलगी माझ्याच खोलीत, माझ्या टेबलाच्या टोकाला बसून महिनाभर टकटक करत होती. दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं, "मॅडम, हे कडेला पेन्सिलने काय आहे? हेही घालू?"

खरं सांगायचं तर तेव्हा मी काही कट वगैरे केला नव्हता. मला फक्त राग होता. पंचवीस वर्षं ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही ते आता छोटीच्या कौतुकासाठी आयतं द्यायचं? मी म्हणाले, "ते माझं खासगी आहे. तुला सांगितलंय तेवढं घाल." तिने खांदे उडवले आणि पुढचं पान उलटलं.

महिन्याने आकडा आला. छोटी धावतच खिडकीत आली, गाल लाल झालेले. "ताई, दोनशे बारा! नऊ लाखांची वस्ती, दहा वर्षं. म्हणजे लाखात दोन पूर्णांक छत्तीस. शेजाऱ्यांपेक्षा जवळजवळ पावपट जास्त! काहीतरी कारण असणार. पाणी असेल, तंबाखू असेल, ते नंतर शोधू. पण जास्त आहे हे नक्की."

मी हसले आणि मान डोलावली. ती गेल्यावर मी कपाटाचं दार ओढून घेतलं आणि एकेक रजिस्टर उघडून समासातल्या खुणा मोजल्या. मोजायची तशी गरज नव्हती, मला तोंडपाठ होत्या. घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, सिगरेटी फुंकणारा, त्याला एकदा डाव्या कानाखाली आणि दीड वर्षाने उजव्या, तो तिच्या आकड्यात दोन माणसं. शिवणकाम करणारी एक मुलगी, तिच्या टाळूवरच्या गाठीचा आधी नुसता तुकडा आला होता आणि पंधरा दिवसांनी अख्खी गाठ, तीही दोन माणसं. कंडक्टर तीन. असे करत करत एक्केचाळीस नंबर जास्तीचे. खरी माणसं एकशे एकाहत्तर. नऊ लाखांत, दहा वर्षांत, एक पूर्णांक नऊ. शेजाऱ्यांइतकंच, काडीचा फरक नाही. आमच्या भागात काही विशेष नव्हतंच.

कसं सांगू तुम्हाला, काय वाटलं ते! मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. एवढी शिकलेली, एवढी हुशार, आणि बरण्या मोजून माणसं मोजली म्हणून मिरवते आहे. खिडकीत जी बसली नाही तिच्याच हातून अशी चूक होते. बारा दिवसांनी, शनिवारी सकाळी, आसपासच्या साऱ्या हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांची सभा होती आणि त्यात ती हे वाचणार होती. त्या सभेला निवृत्त झालेले एक मोठे प्राध्यापक येतात. त्यांना सगळे मागून चाळणीसर म्हणतात, कारण त्यांच्यातून खडा सुटत नाही. गेल्या वर्षी त्यांनी एका डॉक्टरला भर सभेत असं सोलून काढलं होतं की तो बदली मागून गेला. मी ठरवलं की आपण मूग गिळून गप्प बसायचं. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं बसायचं होतं, आणि बसण्याची मला सवय होती.

पण छोटी मूर्ख नव्हती. तीन-चार दिवसांनी ती माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि टायपिस्ट मुलीच्या खुर्चीत बसली.

"ताई, एक शंका आहे. यात तीच माणसं दोन-दोनदा आलेली असतील का गं? नावं नाहीत म्हणून मला कळत नाही. तळघरातले मूळ केसपेपर काढायचे तर दोन महिने जातील. पण तू तर सगळ्यांना ओळखतेस."

मला अजून ते आठवतं, तिच्या कोटाच्या खिशाला निळा डाग पडला होता. लहानपणीही ती पेनाचं टोपण लावायला विसरायची आणि ते डाग मी धुवायचे.

"मी बरण्या मोजते," मी म्हणाले. "माणसं तुम्ही डॉक्टर लोक मोजता."

"तसं नको ना बोलू. खरंच विचारतेय."

"अगं, एखाद-दुसरा असेल. तेवढ्याने काय होतंय?"

"नक्की?"

"नक्की."

तिने सुस्कारा सोडला. "बरं झालं. माझ्या जिवाला नुसता घोर लागला होता. मग तुझ्या शब्दावर जाते मी." जाताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला नको होता, पण मी झटकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि रबर घेऊन बसले. तिने कपाट उघडून एखादं रजिस्टर चाळलं असतं तर? दहा रजिस्टरं, एक्केचाळीस खुणा. लाळग्रंथींच्याच तेवढ्या पुसल्या, बाकीच्यांना हात लावला नाही. सोपं काम वाटलं होतं, पण नव्हतं. ती खूण मी कुठल्या दिवशी, कुणाचा चेहरा बघून घातली हे मला प्रत्येक वेळी आठवत होतं. कंडक्टरच्या दोन खुणा पुसताना माझा हात अडला. तरी पुसल्या. टायपिस्ट मुलगी आली तेव्हा टेबलावर रबराचा भुगा पसरलेला होता.

"काय करताय मॅडम?"

"साफसफाई."

"एवढ्या सकाळी?"

"तुला काय, टाइप करायला दिलंय का हे?" मी खेकसले.

शनिवारी छोटी गाडी घेऊन आम्हा दोघांना न्यायला आली. बाबांनाही बोलावलं होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी दोनदा केली होती. "तू पण चल ताई, तुझ्यासाठी एक गोष्ट आहे," ती म्हणाली. मला वाटलं, टाळ्या वाजवायला माणसं कमी पडत असतील. पण मी जाणारच होते. हे मी घरी बसून चुकवणार होते होय?

हॉल मोठा होता, साठ-सत्तर डॉक्टर असतील. चाळणीसर पहिल्या रांगेत, मांडीवर वही. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. छोटी मंचावर गेली, दिवे मंद झाले आणि पहिली स्लाईड भिंतीवर आली. वर मोठ्या अक्षरांत विषय, की आपल्या भागात लाळग्रंथींच्या गाठी किती आढळतात. त्याखाली तिचं नाव, आणि तिच्या नावाखाली, तेवढ्याच अक्षरांत, माझं.

बाबा पुढे झुकले. त्यांनी ते सवयीप्रमाणे एकेक अक्षर तपासत वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मोठे, तुझं नाव आहे. बरोबर छापलंय." माझ्या बावन्न वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

भिंतीवर, हातभर मोठं, माझं नाव. मी तोवर ते पगाराच्या चिठ्ठीवर आणि विजेच्या बिलावर पाहिलं होतं. मला सुखच झालं, खोटं कशाला बोलू? तीन-चार मिनिटं तरी मी अगदी सुखात होते. छोटी सांगत होती, कानाखाली किती, जबड्याखाली किती, टाळूत किती, साध्या किती, वाईट किती. मग तो आकडा आला. दोनशे बारा. दोन पूर्णांक छत्तीस. आणि माझं नाव प्रत्येक स्लाईडच्या खालच्या कोपऱ्यात, तिच्या नावाबरोबर.

चाळणीसरांनी हात वर केला. शेवटपर्यंत थांबायची त्यांना सवय नाही.

"मॅडम, तुम्ही नावं काढून टाकलीत, ते ठीकच. पण मग हे दोनशे बारा म्हणजे दोनशे बारा माणसं आहेत, की दोनशे बारा बरण्या?"

याच क्षणाची मी बारा दिवस वाट पाहिली होती. छोटी गडबडेल, घाम पुसेल, कागद चाळेल. पण ती हसली. तिला हा प्रश्न हवाच होता.

"सर, ही शंका मलाही आली होती. याचं उत्तर मी देण्यापेक्षा, ज्यांनी सव्वीस वर्षं या नोंदी स्वतःच्या हाताने केल्या त्या देतील. म्हणूनच त्यांचं नाव इथे आहे. माझी ताई तिसऱ्या रांगेत बसली आहे."

साठ-सत्तर माना वळल्या. कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. बाबांनी मला कोपराने हळूच ढोसलं, "ऊठ, ऊठ."

मी उठले. "माणसं आहेत सर," एवढंच म्हणायचं होतं. खुणा पुसलेल्या होत्या, तळघरात कुणी जाणार नव्हतं, चाळणीसरांनीसुद्धा मान डोलावून पुढे जा म्हटलं असतं. टाळ्याही झाल्या असत्या. पण भिंतीवर तो आकडा होता आणि त्याच्या खाली मी होते. नुसत्या तिच्या नावाखाली तो मला गोड लागत होता. आता तोच आकडा घासात खडा यावा तसा दाताखाली आला. लोक म्हणतील मी सत्यासाठी उभी राहिले. तसं काही नाही. माझ्या नावाखाली चुकीची नोंद मला सहन झाली नाही, बस्स.

"बरण्या आहेत सर," मी म्हणाले. "माणसं एकशे एकाहत्तर."

चाळणीसरांनी वहीत भराभर काहीतरी केलं. "म्हणजे एक पूर्णांक नऊ," ते म्हणाले. "शेजाऱ्यांइतकंच की!" मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

छोटी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. लहानपणी गणित चुकलं की ती वहीकडे बघायची तशी, कुठे चुकलं ते शोधत. मग तिला ते सापडलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिने माईक जवळ ओढला.

"सरांचा आकडा बरोबर आहे. तो धरला तर माझ्या पुढच्या स्लाईड चुकीच्या ठरतात, म्हणून मी इथेच थांबते."

ती खाली उतरली. बाबा मोठ्याने म्हणाले, "का थांबली? वेळ आहे की अजून!"

चहाची सुटी झाली तेव्हा मी हॉलशेजारच्या खोलीत गेले. तिथे जास्तीच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. ती माझ्या मागोमाग आली, दोन खुर्च्या काढल्या, एकीवर बसली. मी उभीच राहिले.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली.

"हो."

"दार लावून विचारलं होतं."

"हो."

"मग?"

"जळत होते."

"कशावर?"

"तुझ्यावर. कशावर काय? तुझ्या कोटावर, तुझ्या खोलीवर, बाबा तुझं नाव घेतात त्यावर. मी कॉलेज सोडलं नसतं तर तिथे मी असते, असं रोज वाटतं. खरं की खोटं, कुणास ठाऊक, कदाचित मी पहिल्याच वर्षी नापास झाले असते. पण वाटतं. तू पडावीस, सगळ्यांसमोर पडावीस, असं मला वाटत होतं."

हे एवढं सगळं तोंडातून बाहेर पडल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट लाज वाटायला लागली, तीही उशिराने.

ती म्हणाली, "एकशे एकाहत्तर कसे काढलेस?"

"समासात पेन्सिलीने लिहून ठेवायचे मी. परत आलेल्यांचा जुना नंबर."

"सव्वीस वर्षं?"

"पंचवीस."

"आणि मला माहीत नाही!" ती ताडकन उठली. "कुठे आहेत ती पानं? अगं, असं कुणीच ठेवत नाही. कुठल्या गाठी परत येतात, किती वर्षांनी येतात, सगळं त्यात असेल. माझ्या आकड्यापेक्षा ते कितीतरी मोठं आहे. दाखव मला."

"लाळग्रंथींच्या पुसल्या," मी म्हणाले. "गेल्याच आठवड्यात. रबराने."

तेव्हा मात्र ती चिडली. सभेतल्या फजितीवर ती आवाज चढवून बोलली नव्हती, यावर बोलली. "पुसल्यास? त्या काय माझ्या होत्या? तुझ्या होत्या ना!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते माझ्या कामासाठी आलं होतं. माझ्यासाठी कुणी असं रडेल हे मला कधी सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तर त्या रबराला मी हात लावला नसता.

"पाठ आहेत मला," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की मलाच नीट ऐकू आला नाही.

तिने नाक पुसलं, खिशातून पेन काढलं, सभेच्या कार्यक्रमपत्रिकेची मागची कोरी बाजू गुडघ्यावर ठेवली. "सांग."

मी खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले. नंबर, जुना नंबर, वर्ष. घड्याळवाला, शिवणारी मुलगी, कंडक्टर दोनदा. ती लिहीत होती. कुठे जागा अपुरी पडली तिथे तिने कडेकडेने लिहिलं. बाहेर कपबशांचा आवाज थांबला, पुढचं सत्र सुरू झालं, दारात बाबा येऊन डोकावून गेले. एक्केचाळीस झाले तेव्हा तिने पेनाचं टोपण शोधलं, सापडलं नाही, पेन तसंच खिशात टाकलं.

"हे बघ ताई," ती कागदाची घडी घालत म्हणाली, "तळघरातून केसपेपर काढून मी हे एकेक तपासणार. तुझ्या शब्दावर आता जाणार नाही. पुन्हा कधीच जाणार नाही. आणि निबंध खऱ्या आकड्याने छापणार. शेजाऱ्यांइतकाच आला तर आला."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "माझं नाव काढून टाक."

"का काढू? नोंदी तुझ्याच आहेत. नाव राहील तुझं, माझ्या नावाखाली. छापून येईल, बाबा ते चष्मा लावून वाचतील, शेजाऱ्यांना दाखवतील, आणि ते कसं आलं हे फक्त तुला आणि मला माहीत असेल. जन्मभर."

एवढं बोलून ती निघून गेली. मी त्या रचलेल्या खुर्च्यांमध्ये बसून राहिले. लाज वाटत होती, वाईट वाटत होतं, सगळं वाटत होतं. पण तुमच्यापासून काय लपवायचं? ती दाराबाहेर पडली तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते हेच, की खाली का? बाजूला का नाही?